झाकली मूठ

माझी आई माठ घ्यायला बाजारात गेली, की बोटाच्या पेराने तो वाजवून पाही. एकदा नव्हे, गळ्यापाशी, पोटापाशी, बुडापाशी. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला, बद्द आला तर कुठेतरी तडा. कुंभारीण कुरकुरे, "बाई, घेताय की फोडताय?" मला लहानपणी त्या कुंभारणीचाच कळवळा येई. पुढे शाळेत 'छिद्रान्वेषी' हा शब्द शिकलो, तेव्हा डोळ्यांपुढे, देव मला क्षमा करो, आईचे ते बोटच उभे राहिले.

हे सारे आठवायला कारण झाला माझा एक जुना विद्यार्थी. गेल्या भाऊबीजेला तो फराळाला आला होता. पुण्यात काय नोकरी करतोस म्हणून विचारले, तर चकलीचा तुकडा मोडीत म्हणाला, "सर, लोकांच्या यंत्रांना मूर्खासारखे प्रश्न विचारतो आणि ती कधी गडबडतात ते पाहतो."

मी हसलो, पण तो थट्टा करीत नव्हता. आज आपल्या घराघरांत लहान लहान डबे येऊन बसले आहेत. कुणी इंटरनेट आणून देतो, कुणी दारावर पहारा करतो. प्रत्येकाच्या पोटात एक चिमुकला संगणक असतो, आणि त्याने कसे वागावे याची आज्ञावली आतच कोरलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. या आज्ञावलीला वेडीवाकडी, अर्थहीन अक्षरे लाखो वेळा पाजून पाहायची, हा त्याचा धंदा.

या धंद्याचा उगमही मोठा गमतीचा आहे. १९८८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर एका वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेवाटे विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. वादळाने तारेत खरखर होई आणि त्यांच्या मजकुरात भलतीच अक्षरे घुसत. त्यांना नवल वाटले ते याचे, की त्या कचऱ्याने चांगले नावाजलेले प्रोग्राम कोसळत होते. दुसरा कुणी वादळाला शिव्या देऊन निजला असता. मिलरांनी विद्यार्थ्यांना तोच कचरा मुद्दाम तयार करायला लावले. १९९० साली निष्कर्ष छापून आला: तपासलेल्या प्रोग्रामांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा त्या निरर्थक अक्षरांपुढे कोसळला किंवा लटकून बसला!

"पण कोसळले तर पुन्हा सुरू करावे, त्यात चोरीचे भय कुठले?" मी विचारले.

"सर, आठ अक्षरांच्या जागेत आठशे कोंबली, तर ती शेजारच्या जागेत सांडतात. यंत्राने पुढे काय करायचे, ते कधी कधी तिथेच टिपून ठेवलेले असते. सांडणाऱ्याने अक्षरे विचार करून निवडली, तर यंत्र त्याच्या हुकमात जाते."

आता हे काम माणसाला रात्र जागून करावे लागत नाही. मिखाल झालेव्स्की यांनी २०१३ साली एक साधन केले. ते अक्षरे नुसती उधळीत नाही. कोणत्या अक्षरांनी प्रोग्रामात नवी वाट उघडली ते पाहते, ती जपते आणि त्यांतूनच पुढची पिढी घडवते. २०१४ साली त्यांनी त्याला चित्र वाचणारा एक प्रोग्राम आणि नुसता 'हॅलो' हा शब्द दिला. चित्र म्हणजे काय हे कुणी शिकविले नसताना, त्या शब्दात अदलाबदल करीत करीत, त्या साधनाने अखेर खरीखुरी चित्रांची फाइल जन्माला घातली. बुद्धी नाही, द्वेष नाही, कंटाळा नाही. नुसते वाजवीत राहणारे बोट!

या डब्यांत एक अडचण असते. मोठा संगणक बिघडला की बोंब मारतो. डब्याची स्मृती आत बिघडली तरी पुष्कळदा वरचा दिवा हिरवाच राहतो. म्हणून माझा विद्यार्थी ती आज्ञावली काढून घेतो आणि मोठ्या संगणकात त्या डब्याचे सोंग उभे करून तिथे ती चालवितो. मग आतला प्रत्येक थेंब कुठे सांडला ते दिसते.

इथवर कौतुक होते. मग त्याचा आवाज खाली आला. त्याने गावी आईच्या दारावर बसवायला एक कॅमेरा विकत घेतला होता. सवयीने तोही वाजवून पाहिला. दहा-बारा दिवसांत कळले, की परका माणूस संकेतशब्दावाचून त्यात डोकावू शकतो. कारखानदाराला तीन पत्रे गेली, चार महिने झाले, उत्तर नाही. "आईचा कॅमेरा मी काढून टाकला," तो म्हणाला, "पण बाकीच्यांचे काय? बोललो तर चोराला वाट दाखविल्यासारखे. गप्प बसलो तर हजारो घरांत परका डोळा. सर, मी काय करू?"

'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. आईचा कॅमेरा काढून टाकला, या त्याच्या शब्दांनी मला एक जुनी गोष्ट आठवली होती.

पंधरा वर्षांपूर्वी एका शाळेत शिकवीत असताना व्हरांड्याच्या छज्ज्याला मला भेग दिसली. मी वरिष्ठांच्या कानावर घातली. "बघू. पण बभ्रा नको, पालक घाबरतील," असे उत्तर मिळाले. मी बभ्रा केला नाही. फक्त त्या दिवसापासून माझ्या वर्गाला मी मागच्या दाराने सोडू लागलो. दुसऱ्या पावसाळ्यात तो छज्जा कोसळला. रविवार होता, कुणाला खरचटलेही नाही. सारे म्हणाले, देवाची कृपा. मी मान डोलावली. पण माझी मुले मागच्या दाराने जात होती, ती मला माहीत होते म्हणून. आणि बाकीची मुले वर्षभर त्या छज्ज्याखालून जात होती, तीही मला माहीत असून मी बोललो नाही म्हणून. त्या रविवारचे पुण्य माझे नव्हते. आधीच्या सगळ्या सोमवारांचे पाप मात्र माझे होते.

म्हणजे दिसेल तो तडा चव्हाट्यावर मांडावा काय? तेही नव्हे. अमेरिकेत मेडसेक नावाच्या एका संस्थेला सेंट ज्यूड मेडिकल या कंपनीच्या हृदयाच्या यंत्रांत दोष सापडले. ते आधी कंपनीला न सांगता तिने मडी वॉटर्स या शेअरबाजारातल्या पेढीला सांगितले. पेढीने त्या कंपनीचे शेअर पडतील असा सौदा केला आणि मग ऑगस्ट २०१६ मध्ये दोष जाहीर केले. शेअर पडले. कंपनीने आरोप नाकारले, कज्जा केला. पुढे ती ॲबटच्या ताब्यात गेली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तेथील सरकारी औषध-नियंत्रण खात्याने सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी सुधारित फर्मवेअर मंजूर केले. कुणा रुग्णाला या दोषाने इजा झाल्याची नोंद नव्हती. पण दुरुस्तीचीही एक जोखीम सांगितलेली होती: यंत्र पूर्ण बंद पडण्याचा संभव ०.००३ टक्के. आकडा केवढासा! पण सगळ्यांनी दुरुस्ती करून घेतली तर हिशेबाने ती चौदा माणसे होतात. ज्यांच्या छातीत ते यंत्र धडधडत होते, त्यांना त्या सौद्याच्या वेळी कुणी विचारले होते काय?

दोष खरा होता, म्हणून सांगण्याची रीत शुद्ध ठरत नाही. आणि सांगण्याची रीत वाईट होती, म्हणून दोष खोटा ठरत नाही. तडा शोधणे हे पाप नाही आणि पुण्यही नाही. ते आता यंत्रही करते. माणसाची परीक्षा सुरू होते ती तडा सापडल्यानंतर. त्या क्षणापासून आपण त्या माठातले पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचे ऋणको होतो. कुंभाराचे नव्हे, आपल्या नावलौकिकाचेही नव्हे.

आणि झाकल्या मुठीची म्हण? मूठ उघडायला कसबी माणूस लागे, तेव्हा ती खरी होती. आज माझ्या विद्यार्थ्याने लावले तेच साधन दुसऱ्या कुणी रात्रभर लावले, की मूठ उघडते. जे त्याला सापडले ते दुसऱ्याला सापडले नसेल, असे मानून गप्प बसणे म्हणजे रविवारवर भरवसा ठेवणे.

मी त्याला एवढेच सांगितले: "आधी कारखानदाराला तारीख दे, मग ती पाळ. दार उघडे आहे हे लोकांना सांग. किल्ली कशी करायची ते सांगू नकोस." तो हसला. त्यांच्या धंद्यात हा रिवाज आहेच म्हणे. गूगलचा प्रोजेक्ट झीरो २०१४ पासून सामान्यतः नव्वद दिवसांची मुदत देत आला आहे, आणि आपल्याकडे अशा तक्रारी घ्यायला सर्ट-इन हे सरकारी खाते आहे. रिवाज त्याला ठाऊक होता. त्याला हवे होते ते कुणीतरी 'बोल' म्हणणे. तेच मला त्या काळी हवे होते.

त्याने तसे केले. फाल्गुनात कारखानदाराने दुरुस्ती काढली. आभाराचा शब्द मात्र नाही. कुंभारीण तरी कुरकुरे!

यंदा उन्हाळ्यात मी माठ आणायला गेलो. दुकानदार घाईत होता. मी माठ हातात घेतला आणि बोटाच्या पेराने गळ्यापाशी, पोटापाशी, बुडापाशी वाजवून पाहिला. दुकानदार पाहतच राहिला. मनातल्या मनात मी आईची क्षमा मागत होतो.