हातून झाले आणि मी केले

चूक झाली की आपली भाषा मोठ्या मायेने पाठीशी उभी राहते. 'मी कप फोडला' असे क्वचितच कोणी म्हणतो. 'हातून कप फुटला' असेच म्हणतो. जणू तो हात शेजाऱ्याचा होता! भाषेच्या या मायेचे मला पूर्वी कौतुकच वाटे. नांदुऱ्यातल्या एका कापडदुकानात ते ओसरले.

त्या दुकानात हिशेबाचे दोन संगणक होते, एक गल्ल्यापाशी, दुसरा मागच्या गोदामात. दोन्हींवर लिनक्स. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभलेली ही प्रणाली मी वर्गात शिकलो नाही, मोडत-जोडत शिकलो. तार जोडायची, दोन्ही यंत्रांना पत्ते द्यायचे, मग 'पिंग' करायचे, म्हणजे एकाने दुसऱ्याला हाक मारायची. १९८३ साली माइक म्यूस यांनी या सोयीला हे नाव दिले, ते पाणबुडीचा माग काढणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून. ओ आली नाही, तर आधी तार तपासावी, मग पत्ता, मग वाट. हे पुस्तकातही असते. पण रात्री अकराला गोदामात उंदराने कुरतडलेली तार हाती लागते, तेव्हा ते पटते.

अशा शिक्षणाचे मोल चुकांनीच चुकवावे लागते. प्रश्न एवढाच, की त्या कोणाच्या मालावर करायच्या?

लिनक्समध्ये 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो. कोणाचीही फाइल वाचायला वा पुसायला त्याला सहसा मज्जाव नसतो. नांदुऱ्याला हमरस्त्यावर १०५ फुटी हनुमान उभा आहे; एवढे बळ, पण भूमिका सेवकाची. रूटचे बळ मला मिळाले होते, भूमिका यायची होती. पुष्कळ ठिकाणी हा अधिकार पहिल्यांदा उसना घेताना यंत्र समज देते, की दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान राखा, लिहिण्याआधी विचार करा. ती समज मी कधी पुरती वाचलीच नव्हती.

एका रात्री मला 'जुने' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली पुसायच्या होत्या. शब्दाला लागूनच तारांकन द्यायचे असते. मध्ये एक जागा सुटली. एकट्या पडलेल्या तारांकनाचा अर्थ 'येथले सगळे' असा होतो. यंत्राने काही विचारले नाही. तीन महिन्यांची उधारी क्षणात गेली. या आज्ञेने पुसलेले कचरापेटीत जाऊन पडत नाही, आणि दुसरी प्रत मी ठेवली नव्हती.

सकाळी शेठजींनी रिकामा पडदा पाहिला. "भाऊ, राती लाइन गेली होती. त्यानंच झालं असन, नाही का?"

वीज खरोखरच गेली होती. खोटे बोलण्याचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली की झाले. दिलेल्या आज्ञांची नोंद यंत्र ठेवते, पण रूटला ती नोंदही पुसता येते. साक्षीदार पुसण्याची सत्ता म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

"नाही शेठजी, माझ्या हातून पुसलं गेलं," मी म्हणालो. आणि वाक्यातून मी निसटल्याचे माझे मलाच ऐकू आले. पुन्हा म्हणालो, "मी पुसलं."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बिलांच्या स्थळप्रती काढल्या. चार रात्री बसून आम्ही उधारी पुन्हा लिहिली. काही रकमा जुळल्याच नाहीत. त्या मी भरून देऊ केल्या. त्यांनी घेतल्या नाहीत. ते ऋण अजून माझ्याकडेच आहे.

कबुलीने गेलेले आकडे परत आले नाहीत, मग तिचा उपयोग काय? पुढे मला उमगले ते असे. मी विजेवर ढकलले असते, तर शेठजींनी इन्व्हर्टर घेतला असता आणि निर्धास्त झाले असते. खोट्या कारणावर खोटाच इलाज होतो. खरे कारण सांगितले, म्हणून आज रोज रात्री हिशेबाची प्रत दुसऱ्या जागी उतरते, आणि रोजच्या कामात मी रूट होत नाही.

लक्ष्मीपूजनाला दुकानात अजून वहीची पूजा होते. त्या वहीचा जुना दंडक आहे, की चुकलेला आकडा खरडून काढायचा नाही; खालचा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी खरा लिहायचा. माझ्या टिपणवहीत ती आज्ञा तशीच आहे, एका रेघेखाली. सुटलेली जागाही स्पष्ट दिसते. शेजारी लिहिले आहे: ही जागा मी सोडली.