घुमट कुणाचा, पूल कुणाचा

शहराचा स्वभाव स्टेशनात दिसतो असं म्हटलं, की मुंबईकर लगेच सीएसएमटीचं नाव घेतो. पण त्या घुमटाखाली उभं राहून ज्यांनी वर पाहिलंय असे मुंबईकर किती निघतील? फार थोडे, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. तो घुमट प्रवाशांसाठी नाहीच. त्याच्याखाली आहे रेल्वेच्या मुख्य कचेरीचा जिना. गाड्या आणि माणसं बाजूच्या अंगाने येतात-जातात. १८७८ साली काम सुरू करून फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने दहा वर्षांत उभं केलेलं हे बांधकाम आधी जीआयपी रेल्वेचं हेड ऑफिस आहे, मग स्टेशन. दर्शनी भिंतीवरचे चेहरेही पाहण्यासारखे आहेत. तिथे देव नाहीत, संत नाहीत. कंपनीच्या संचालकांच्या मुद्रा आहेत, आणि त्यांत जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेट. व्यापाऱ्यांनी वसवलेल्या शहराने आपल्या सर्वांत देखण्या भिंतीवर भागीदारांचे चेहरे कोरून घेतले. याहून प्रामाणिक भिंत मुंबईत दुसरी नसेल. पुढे राणीचा पुतळा हलला, १९९६ साली नाव बदललं, २०१७ साली त्यात ‘महाराज’ आलं. संचालक मात्र जागचे हलले नाहीत.

पण ही झाली मुंबईच्या मालकांची ओळख. मुंबईकरांची पाहायची तर दादरला उतरावं.

दादरला दर्शनी बाजूच नाही. पश्चिमेला पायऱ्या उतरलात की थेट फुलबाजारात, पूर्वेला उतरलात की टॅक्सींच्या गराड्यात. स्टेशन कुठे संपलं आणि बाजार कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. दादर स्टेशन म्हणजे खरं तर एक पूल. दोन वेगळ्या कंपन्यांचे रूळ शेजारून गेले आणि मधल्या पुलाने त्यांची सोयरीक जुळवली. १९५१ साली त्या कंपन्या जाऊन मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या, तरी दोघींचे फलाट आपापले आकडे धरून बसले. ‘एक नंबरला भेट’ म्हटलं की ‘वेस्टर्नचा की सेंट्रलचा?’ हे विचारावंच लागे. डिसेंबर २०२३ मध्ये सेंट्रलच्या फलाटांना आठपासून चौदापर्यंत आकडे मिळाले आणि तो घोळ मिटला. तरी ‘आम्ही वेस्टर्नचे’ हे मुंबईत अजूनही गोत्रासारखं सांगितलं जातं, आणि स्थळ पाहताना लाइन बदलावी लागणार का, हा प्रश्न पत्रिकेइतकाच गंभीर असतो.

या पुलावरून रोज चालणाऱ्याला काही नियम कुणी शिकवत नाही. लोकलच्या दारात ‘दादर उतरणार का?’ असं पुढच्याला विचारायचं. तो ‘नाही’ म्हणाला की न भांडता जागांची अदलाबदल करायची. तिघांच्या बाकावर चौथा टेकला तर सरकायचं. बसलेल्याने उभ्या असलेल्याची बॅग मांडीवर घ्यायची. गर्दीत अंग चोरून दुसऱ्याला जागा करून देणं ही या शहराची खरी शिस्त आहे, आणि ती मला कुठल्याही घुमटापेक्षा मोठी वाटते.

मात्र या गुणाचं कौतुक करताना माझी जीभ थोडी अडखळते. सांभाळून घेणाऱ्या माणसाला सगळे गृहीतच धरतात. घरातही आणि शहरातही. मुंबईकर सरकून बसतो हे माहीत असल्यामुळे आणखी एक बाक टाकायची घाई कुणालाच नसते.

दादरच्या अलीकडचं एल्फिन्स्टन रोड हे त्याचं उदाहरण. हा भाग गिरणगावाचा. गिरणी कामगार चाळीत राहायचा आणि भोंगा झाला की चालत गिरणीत जायचा. पाळीवर जाण्यासाठी त्याला गाडी लागत नव्हती. त्यामुळे स्टेशन लहान आणि पूल चिंचोळा असला तरी निभावत होतं. १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या. फिनिक्स, कमला ही नावं तेवढी उरली आणि त्या जमिनींवर मॉल आणि काचेच्या कचेऱ्या उठल्या. आता कामावर येणारा माणूस विरारहून, कल्याणहून येऊ लागला आणि सकाळी त्याच चिंचोळ्या पुलावर उतरू लागला. शहराने जमिनीचा वापर बदलला, किती मजले चढवायचे याचा हिशेब केला. पण त्या मजल्यांवर बसणारी माणसं कुठून चालत येतील, हा हिशेब कुणाच्या टेबलावर नव्हता. नकाशात इमारत दिसते, गर्दी दिसत नाही. स्टेशनाला मात्र ती दिसत होती. शहर बदललंय हे वर्तमानपत्रांच्या आधी त्या पुलाला कळलं असणार.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला. एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या त्या पुलावर लोक पाऊस थांबायची वाट पाहत उभे राहिले, खालून गाड्या आणखी माणसं आणून सोडत राहिल्या. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यांतलं बहुतेक कुणी बेशिस्त वागलं नव्हतं. पावसात आडोसा धरून उभं राहणं हा काही गुन्हा नाही.

त्यानंतर तिथे नवा पूल बांधायला लष्कराला बोलावलं. सीमेवर नदी-नाले ओलांडायला टाकतात तसा बेली पूल परळच्या रुळांवर पडला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. जवानांचं काम चोखच होतं. पण देशाची आर्थिक राजधानी म्हणवणाऱ्या शहरात रूळ ओलांडण्याची सोय करायला सैन्य लागावं, याचं फारसं कुणाला नवल वाटलं नाही. त्याच वर्षी जुलैत एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. त्या कामाला लष्कर लागलं नाही.