नास्तिकाला साधूच व्हावं लागतं

धर्माचा आधार नसताना माणूस नीतीनं वागू शकतो का, हा वाद पुण्यात निघाला की कुणीतरी आगरकरांना साक्षीला उभं करतंच. साक्षीदार भक्कम आहे. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असं शिकत असतानाच आईला कळवणारा हा माणूस. टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. 1888 मध्ये ‘सुधारक’ काढून केशवपनावर, बालविवाहावर लिहिलं आणि त्यापायी जिवंतपणीच स्वतःची प्रेतयात्रा निघालेली सोसली. 1892 मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि 1895 मध्ये चाळिशीही न गाठता गेले. अंत्यसंस्काराचा भार घरच्यांवर पडू नये म्हणून पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. वरती कुणी हिशेब तपासेल ही आशा त्यांना नव्हती, धाकही नव्हता.

मग प्रश्न मिटला? मला ही साक्षच खटकते. संकष्टी करणाऱ्या माणसाकडे तो तुकाराम असल्याचा पुरावा कुणी मागत नाही. तो फ्लॅटचे निम्मे पैसे रोखीत देतो, मुलाच्या प्रवेशासाठी ओळख लावतो, तरी त्याच्या श्रद्धेवर आळ येत नाही. माणूस आहे, चुकायचाच. नास्तिकाचा पाय घसरला की मात्र लगेच, ‘देवाची भीती नाही ना, दुसरं काय होणार!’ थोडक्यात, नास्तिकानं सभ्य ठरायचं तर आगरकरांइतकं फकीर व्हायचं. आस्तिक ज्या परीक्षेला कधी बसतच नाही, तिच्यात यानं पहिला नंबर काढायचा.

आणि आस्तिक तरी सगळी नीती धर्मातून घेतो का? 13 ऑक्टोबर 1929 रोजी पुण्यातच पर्वतीवर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी अशी मंडळी त्यात होती. सत्याग्रहींनी मार खाल्ला, दगड खाल्ले. दार काही तेव्हा उघडलं नाही. दार अडवणाऱ्यांच्या तोंडी धर्म होता. आत जाऊ म्हणणाऱ्यांतही देव मानणारे होते, आणि देव सगळ्यांचा हे त्यांचं म्हणणं होतं. देव एकच, परंपराही एकच. मग त्या परंपरेतलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे कशाच्या जोरावर ठरलं? परंपरेच्या जोरावर ठरवता येणं शक्यच नव्हतं, कारण भांडण तिच्याच पोटातलं होतं. 1947 मध्ये पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसलेले साने गुरुजी तर भाविकच होते. माणसाला दारातून हाकलणं वाईट, हे त्यांना आधी कळलं होतं आणि त्या कळण्यावर त्यांनी रूढी तोलली. धर्माला तोलणारा तराजू धर्माच्या बाहेर असल्याशिवाय कुठलीही धर्मसुधारणा होत नाही, अगदी भक्तानं केलेलीसुद्धा.

यावर एक चांगला आक्षेप आहे. ‘तुमचा नास्तिकपणा आजीच्या संस्कारांवर चालतो,’ असं लोक म्हणतात. ठेव तिची, तुम्ही नुसती काढून खाता, दोन पिढ्यांनी मुद्दल संपेल. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आगरकर देवधर्म पाळणाऱ्या घरातच वाढले. पण आजीची ठेव तरी कुठून आली? शेजारच्या बाळंतिणीला डबा द्यायचा, आजाऱ्याची रात्र जागून काढायची, हे तिनं पोथीत वाचलं नव्हतं. ते वाड्यात, गल्लीत, एकमेकांवाचून ज्यांचं चालत नाही अशा माणसांत तयार झालं. पोथीनं त्याला वजन दिलं, गोष्टी दिल्या, वर्षाचा क्रम दिला.

हा क्रम मात्र खरा मोलाचा. नास्तिकांकडे नीतीची वानवा नाही, सवयीची आहे. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की नाना पेठेत, भवानी पेठेत अनोळखी माणसांसाठी चुली पेटतात, पाय चेपले जातात. दर वर्षी कुणाला भाषण द्यावं लागत नाही. तिथी येते, हात कामाला लागतात. विवेकाला तिथी नसते. त्याला दर वेळी नव्यानं जागं व्हावं लागतं, आणि दमलेला माणूस फार वेळ जागा राहत नाही.

देवाला निवृत्त करा म्हणणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंना हे उमगलं असावं. निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्याबरोबर त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून पैसा जमवला आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळण्याची सोय केली. तिकीट काढणारे बहुतेक नट बघायला, हसायला आलेले. त्यांतले कितीतरी देवभक्त असणार. देव आहे की नाही, हे दारावर कुणी विचारलं नाही. चांगुलपणाला व्यवस्थेचं रूप द्यायचं, मग तो रोजच्या मूडवर अवलंबून राहत नाही, हे वारीचंच शहाणपण देवाशिवाय वापरलेलं होतं.

लागूंच्या कितीतरी आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यातच सत्यशोधक समाज काढला. निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा, मानला, पुरोहिताला रजा दिली, पण लग्नाला नाही. पुरोहिताविना लग्नं लावायची रीत घालून दिली, कारण नुसतं ‘नको’ म्हणून संसार चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. आगरकरांनी तर्क दिला, रीत दिली नाही. म्हणून आज त्यांच्या वाटेनं जाणाऱ्या घरात आई गेली की पहिला घोळ तत्त्वाचा नसतो. दहाव्या दिवशी घरी येणाऱ्या तीस-चाळीस माणसांनी करायचं काय, हा असतो. एखादं घर त्या खर्चाचे पैसे एखाद्या वसतिगृहाला देतं, एखादं घर मुकाट्यानं गुरुजींना बोलावतं, आणि या दुसऱ्या घराला ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.