घर ही पहिली शाळा



बाळाचा बाप्तिस्मा होतो त्या वेळी ख्रिस्तसभा आईवडिलांना एक प्रश्न विचारते: या बाळाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही स्वीकारत आहात, याची तुम्हांला जाणीव आहे ना? हा प्रश्न फादरांना विचारला जात नाही, सिस्टरांना नाही, धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांनाही नाही. तो आईवडिलांना विचारला जातो, आणि आईवडील 'होय' म्हणतात. त्या 'होय'चे पुढे काय होते, यावर आज आपण मनन करू या.

आपल्या गारगोटीला शिक्षणाचे महत्त्व कोणी नव्याने सांगायला नको. डॉ. जे. पी. नाईक यांनी इथेच मौनी विद्यापीठ उभे केले. पुढे ते १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. मुलांच्या फीसाठी आपण पोटाला चिमटा घेतो. शाळा आहे, शिकवणी आहे, रविवारी धर्मशिक्षणाचा तास आहे. पण आठवड्याचे तास १६८. त्यांतल्या एका तासात श्रद्धा रुजावी आणि उरलेल्या १६७ तासांत घरात देवाचे नावही निघू नये, असे झाले तर त्या एका तासाने काय साधणार?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात स्पष्ट शिकवले, की आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, आणि ते कमी पडले तर ती उणीव भरून काढणे फार कठीण असते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात हेच पुन्हा सांगितले. शाळा आईवडिलांना मदत करते, पण त्यांची जागा घेऊ शकत नाही.

काही देशांत ख्रिस्ती आईवडील मुलांना घरीच शिकवतात, आणि आठवड्यातून एकदा अशी अनेक कुटुंबे एकत्र जमतात. आपली मुले शाळेत जातात आणि त्यांनी शाळेत जावेच. शिक्षणहक्क कायदाही तेच सांगतो. पण त्या कुटुंबांची शिकवण्याची जी जुनी रीत आहे ती आपल्यालाही उपयोगी आहे. मध्ययुगातील ख्रिस्ती शाळांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व अशा तीन पायऱ्या होत्या. साध्या भाषेत सांगायचे तर, लहानपणी पाठ करायचे, जरा मोठे झाल्यावर 'का?' विचारून समजून घ्यायचे, आणि मग समजलेले दुसऱ्याला नीट सांगायचे.

लूककृत शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला दिसतो. तो ऐकतो, प्रश्न विचारतो आणि उत्तरे देतो. या तिन्ही पायऱ्या तिथे आहेत. पण तो मंदिरात वाढला नाही. तो नासरेथला, मरिया आणि योसेफ यांच्या घरी वाढला, आणि मंदिरातून परत त्याच घरी गेला.

हे परदेशी खूळ आहे असे कोणी समजू नये. इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांनी मागणी केली, की आमची जुनी पुराणे तर गेली, आता आमच्या भाषेत ख्रिस्ताचे पुराण द्या. फादरांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. ओवी का? कारण ओवी गाता येते, आणि गाता येते ते पाठ होते. अक्षर न ओळखणाऱ्या आईलाही ती मुलाला देता येते. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांनी हाताने उतरवून जपलेल्या प्रतींवरून १९०७ साली ते पुराण पुन्हा छापले गेले. छापखान्याचे पुस्तक हरवले, पण लोकांनी जपले ते टिकले.

आता कोणी म्हणेल, "फादर, आम्ही कुठं एवढं शिकलोय?" संत पौल तीमथ्याला पत्र लिहितो तेव्हा त्याच्या श्रद्धेचे मूळ सांगताना कोणा पंडिताचे नाव घेत नाही. तो त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. तुम्हांला वाचता येत नसेल तर मुलाला शुभवर्तमानातला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगा. वाचून झाल्यावर म्हणा, "आता मला तुझ्या शब्दांत सांग." त्याला नीट सांगता आले, तर त्याला समजले. ही परीक्षा घ्यायला पदवी लागत नाही. मुलाने अवघड प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. "आपण रविवारी फादरांना विचारू," असे म्हणा आणि खरोखर विचारा.

एकट्या घराला हे जड जाते. इथे आपण थोडे आहोत. आपल्या मुलाच्या वर्गात तो एकटाच ख्रिस्ती असण्याचा संभव आहे. म्हणून त्याला आपल्यासारखी प्रार्थना करणारी दुसरी मुले दिसली पाहिजेत. तीन-चार कुटुंबांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. डेअरीला दूध घालून झाले की एका घरी जमावे. लहानांनी एक प्रार्थना पाठ म्हणावी, मोठ्या मुलांनी प्रश्न विचारावेत, एखाद्याने त्या रविवारचे शुभवर्तमान गोष्टीसारखे सांगावे. शेवटी मिळून जपमाळेचे एक दशक म्हणावे. तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाईल बंद राहू द्या, मोठ्यांचेसुद्धा. मुले आपले ऐकतात त्यापेक्षा आपल्याकडे पाहून अधिक शिकतात.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देव इस्राएलला सांगतो, की माझी वचने आधी तुमच्या हृदयात असू द्या, मग ती मुलांना शिकवा: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. क्रम लक्षात घ्या. आधी आपले हृदय, मग मुले. जे आपल्याजवळ नाही ते आपण त्यांना कुठून देणार?

नासरेथच्या पवित्र कुटुंबा, आमच्या घरांसाठी विनंती कर. बाप्तिस्म्याच्या दिवशी आम्ही म्हटलेले 'होय' आम्हांला रोज पाळता येवो. आमेन.