काहीच न करण्याविषयी

राजाने न लढता गाव शत्रूच्या हवाली केलं, तर त्याला भित्रा म्हणावं की शहाणा? एवढा मोठा प्रश्न माझ्यापुढे एका कार्टूनने टाकला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पंचतंत्रात तर कोल्हे बोलतात.

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकन मालिका 2005 ते 2008 या काळातली. माझी मुलगी ती पुनःपुन्हा पाहते, मी पेपराआडून. तिच्यात ओमाशू नावाचं डोंगरावरचं शहर आहे. तिथलं टपाल घसरगुंड्यांवरून जातं, त्यामुळे ते वेळेवर पोचत असावं. शेजारच्या अग्निराष्ट्राची फौज येते. लोक मरायला तयार, आणि 112 वर्षांचा राजा बूमी शरण जातो! शत्रूची राजकन्या अझुला शहराला आपल्या बापाचं नाव देते: न्यू ओझाई. म्हणजे पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. कारकुनाला पराभव कळतो तो शिक्क्यावरूनच.

बूमीला लोखंडी पेटीत कोंबतात, फक्त तोंड बाहेर. आणि हा गृहस्थ मंत्रविद्येने, नुसत्या हनुवटीच्या हिसक्याने दगड हलवतो! म्हणजे हवं तेव्हा सुटला असता. मग बसला कशाला? तर म्हणे लढाई आणि माघार यांच्यामधे तिसरा मार्ग असतो: काहीच न करणं. थांबायचं, कान उघडे ठेवायचे. पुढे सूर्यग्रहण लागतं, आठ मिनिटं शत्रूची आगीची विद्या चालत नाही, आणि बूमी एकटा शहर परत घेतो.

इथे मला उकळ्या फुटल्या. बँकेत वीस वर्षं आम्ही याच मार्गावर आहोत. त्याला 'प्रकरण विचाराधीन' म्हणतात. पण बूमीच्या हनुवटीत जोर होता. ज्याच्या हनुवटीखाली नुसता मफलर आहे, त्याचं थांबणं कुठे संपतं आणि बसून राहणं कुठे सुरू होतं?

तो शरण गेला याचा मला राग नाही. राग आहे तो गप्प बसण्याचा. आपण थांबलोय, एवढंसुद्धा त्याने लोकांना सांगितलं नाही. लढायला उभी राहिलेली माणसं बिचारी चडफडत राहिली. शेवटी अंगावर खोटे डाग पाडून, साथ आल्याचं सोंग करून गावाबाहेर पडली. अहो, कॅश संपली तर आम्हीसुद्धा काउंटरवर पाटी लावतो!

हे मी मोठ्याने बोललो. मुलगी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, पाटी लावली असती तर ती अग्निराष्ट्रानेही वाचली असती ना?"

प्रकरण विचाराधीन आहे.