शरदातील सहल आणि एक आयत

वाचकहो, पाऊस ओसरला की आपली कुटुंबे साताऱ्याहून कासच्या पठाराकडे, ठोसेघरच्या धबधब्याकडे गाड्या काढतात. अवश्य जावे, अल्लाह तआलाची निर्मिती डोळे भरून पाहावी.

कासला जांभ्या कातळावर मातीचा पातळ थर आहे. त्यावर काही आठवडे फुले डोलतात, मग सारे सुकते. सूरह जुमरच्या २१ व्या आयतीत हाच क्रम वर्णिला आहे: आकाशातून उतरलेले पाणी, त्यातून नाना रंगांची पिके, मग त्यांचे पिवळे पडणे आणि शेवटी भुसा. बुद्धिमंतांसाठी त्यात बोध आहे. आपल्या आयुष्याचा बहरही असाच मोजका आहे, हे मुलांना तिथेच समजावून सांगा.

छायाचित्रासाठी फुलांत पाऊल टाकू नका. पुढल्या वर्षीचे बीज त्याच मातीत असते. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची शाखा आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मग घाटात रिकामी बाटली भिरकावणाऱ्याने आपले ईमान कोठे शोधावे?

जानमाज आणि वुजूचे पाणी घरूनच घ्या. धबधबा पाहून परतलो आणि असरची नमाज घाटातच हरवून आलो, असे होऊ नये.