वीतभर रणगाडा आणि खरेपणाचा प्रश्न

गेल्या दिवाळीत आमच्या भाच्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. वरवर पाहता तो केवळ खरेदीचा होता. पहिल्या महायुद्धातील इंग्रजांच्या 'मार्क फोर' रणगाड्याची प्रतिकृती त्यास बांधावयाची होती. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याने केलेले तिचे दोन संच त्याने हेरून ठेविले होते; एक जपानच्या तामिया कंपनीचा, दुसरा हाँगकाँगच्या टाकोमचा. दोन्ही त्या महायुद्धाच्या शताब्दीच्या सुमारास निघालेले, दोन्ही बांधून झाल्यावर वीतभर लांबीचे. साठविलेले पैसे एकापुरतेच. "मामा, यांतला खरा कोणता?" असे त्याने विचारले. चांगला कोणता, असे विचारले असते तर किमती पाहून उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो असतो.

युद्धाचे खेळणे घरात कशाला, हा त्याच्या आईचा आक्षेप आम्ही फारसा मनावर घेतला नाही. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करणारी मुले रक्तपिपासू असतात, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. त्या किल्ल्यावर मावळा दरवाजाहून उंच असतो, तरीही त्यास खोटा म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. हे का, याचा विचार मात्र आम्ही पुढे केला.

तामियाच्या गाडीत लहानशी मोटर आहे आणि ती चालते. टाकोमची गाडी जागची हलत नाही. तिचा सारा भर रूपावर. प्रथम आमचा कौल चालणारीकडे गेला. रणगाडा म्हणजे चालण्यासाठीच जन्मलेली वस्तू; खंदक ओलांडण्यापलीकडे त्यास दुसरे प्रयोजन नव्हते. जी चालत नाही ती त्याची तसबीर फार तर म्हणावी. हे मत आम्ही दोन दिवस मोठ्या आत्मविश्वासाने बाळगले.

नंतर त्या गाडीची हकीगत वाचण्यात आली. खऱ्या मार्क फोरमध्ये आठ माणसे असत, आणि ती व इंजिन यांच्यामध्ये आडभिंत नव्हती. आतील उष्मा पन्नास अंश सेल्सिअसच्या घरात जाई, धुराने माणसे घेरी येऊन पडत. गडगडाटात शब्द ऐकू येत नसे, म्हणून चालक इंजिनाच्या आवरणावर ठोके मारून मागच्यांस खूण करी. वेग सपाट जमिनीवरही ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. आणि गाडी वळवावयाची झाल्यास चार माणसे लागत: चालक, ब्रेक सांभाळणारा अधिकारी, आणि दोन्ही बाजूंच्या गिअरांवर एकेक जण. तामियाची गाडी कळ दाबताच मेजावरून निघते. परंतु एकच मोटर असल्यामुळे ती सरळच जाते. जे करण्यासाठी चौघांचा घाम गळे, ते वळणेच तिला ठाऊक नाही. ज्या चालण्यातून श्रम वजा केले, ते त्याच चालण्याची प्रतिकृती म्हणावे काय? आम्हांस तर उलट वाटू लागले. न चालणारी गाडी चालण्याविषयी मौन पाळते. चालणारी मात्र त्याविषयी चुकीची साक्ष देते.

(या यंत्राचे नावही एक बतावणीच होती. गुपित राखण्यासाठी कारखान्यात ती पाण्याची टाकी आहे अशी वदंता उठविली गेली, आणि 'टँक' हे नाव चिकटले ते कायमचे. त्या इंग्रजी शब्दाचे मूळ कोशकार गुजराती व मराठी 'टाके' या शब्दापर्यंत नेतात. दौलताबादच्या किल्ल्यातील हत्ती हौद पाहिलेल्या आम्हां लोकांस याची मोठी गंमत वाटते.)

प्रतिकृतीचा न्याय करण्याची सवय छत्रपती संभाजीनगरच्या माणसास जन्मतःच लागते, कारण बेगमपुऱ्यात बीबी का मकबरा उभा आहे. आग्र्याहून आलेला पाहुणा हटकून नाक मुरडतो: संगमरवर घुमटाला आणि खाली कमरेएवढा, बाकी सारा चुन्याचा गिलावा! दिलरस बानू बेगमेची ही कबर १६६१ च्या सुमारास पुरी झाली. ताज रचणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र अताउल्ला हा तिचा वास्तुकार. आमचे मत असे की, गिलावा जेथे दुरून संगमरवर भासू पाहतो तेथे तो खोटा पडतो. जेथे गवंडी आग्रा विसरून गेला आणि चुन्याला जे साधते तेवढ्याच वेलबुट्ट्या त्याने काढल्या, तेथे त्या इमारतीत काही उणे नाही. खोटेपणा कमतरतेत नसतो, तो दाव्यात असतो. मातीच्या किल्ल्याचा कसलाच दावा नसतो, म्हणून मावळ्याची उंची कोणास खुपत नाही.

हे सर्व आम्ही भाच्यास ऐकविले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, मग स्थिर गाडी तरी खरी कशी? आत माणसे कुठे आहेत?"

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. दोन्ही गाड्या आतून पोकळच. फ्रान्समध्ये फ्लेस्किएर नावाचे खेडे आहे. तेथे २० नोव्हेंबर १९१७ रोजी, कँब्रेच्या लढाईत, 'डेबोरा' नावाचा रणगाडा तोफगोळ्यांनी निकामी झाला आणि आतील आठांपैकी पाच जण ठार झाले. गाडी पुढे जमिनीत पुरली गेली. १९९८ मध्ये ती उकरून काढली. आज ती त्याच गावच्या संग्रहालयात आहे, पुढचा भाग फाटलेला, आणि ते पाच जण जवळच्याच दफनभूमीत आहेत. तिचा प्रत्येक खिळा मोजून केलेली प्रतिकृतीही त्या पाचांविषयी काही सांगणार नाही, हे त्या मुलाने आमच्या आधी ओळखले होते.

अखेर त्याने स्थिर गाडीच घेतली. आमच्या युक्तिवादामुळे घेतली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. ती चारशे रुपयांनी स्वस्तही पडली. दोन महिन्यांत बाहेरचे काम बहुतेक आटोपले आहे, पण छप्पर त्याने अद्याप चिकटविलेले नाही. तार आणि पुट्टी घेऊन तो अंगठ्याहून लहान अशी माणसे घडवीत बसतो. छप्पर लागल्यावर ती दिसणार कोणाला, असे त्याची आई विचारते. तो मान वर करीत नाही. सहा झाली आहेत. गिअरांवरच्या दोघांना वाकवून बसवावे की गुडघ्यांवर, एवढे त्याचे ठरावयाचे आहे.